सॅव्हाना जीवसंहती, पश्चिम महाराष्ट्रातील

सॅव्हाना जीवसंहती, पश्चिम महाराष्ट्रातील : सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत पसरलेली गवताळ, काटेरी, विरळ झाडांची माळराने. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत तिचा मोठा भाग येतो. विशिष्ट हवामानात, विस्तीर्ण प्रदेशावर, वनस्पती व प्राणी यांच्या जुळणीतून घडलेल्या जीवसृष्टीच्या प्रकाराला जीवसंहती म्हणतात. वर्षावन आणि वाळवंट ही तिची परिचित उदाहरणे. त्यांच्या पंक्तीत आपल्याकडच्या माळरानाला मात्र फार उशिरा जागा मिळाली. येथे मूळचे दाट जंगल होते, कुऱ्हाड, चराई आणि वणव्यांनी ते संपले आणि उजाड माळ उरला, हा समज ब्रिटिश वनव्यवस्थेपासून रुजलेला आहे. तो खोडून काढण्यात कारकिर्दीच्या आरंभी असलेल्या संशोधकांचाही वाटा आहे.

माळरानाचे शास्त्र पाऊस, आग आणि चरणारी जनावरे यांभोवती फिरते. महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये आफ्रिकेतील सॅव्हानांची तुलना मांडली. वर्षाला सुमारे 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर झाडे जास्तीत जास्त किती दाट होणार हे पाऊसच ठरवतो; त्याहून जास्त पावसात गवत टिकायला आग व चराई लागते, असे त्यातून दिसले. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये पुढचा प्रश्न विचारला : जंगल म्हणून नोंदलेल्या किती जागा खरे तर सॅव्हाना आहेत? ओळखण्याची खूण झाडांच्या संख्येत नसून झाडांखाली काय वाढते यात आहे. सॅव्हानात जमिनीवर ऊन व उष्णता मानवणाऱ्या गवतांचे राज्य असते आणि झाडे आगीला तोंड देणारी, सावली न सोसणारी असतात. आपल्याकडची कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि हिवर, बोर, तरटी ही झाडे या वर्णनात चपखल बसतात.

हे माळ मूळचेच आहेत याचा पुरावा कोठून आणायचा, ही खरी अडचण होती. जुन्या नकाशांना व सरकारी नोंदींना दोन-अडीचशे वर्षांच्या मागे फारसे जाता येत नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात दाखवलेली वाट म्हणूनच मोलाची आहे. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी चरित्रग्रंथ, स्थळकथा, कवने आणि लोकगीते वाचली आणि त्यांत आलेल्या झाडाझुडपांची नोंद केली. अशा 44 रानवनस्पती सापडल्या आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश सॅव्हानाच्या निदर्शक निघाल्या. जुनी चित्रे, महसुली कागद, परागकणांचे जीवाश्म आणि उत्खननातले जळके लाकूड यांच्याशी हा निष्कर्ष पडताळला असता तो जुळला. म्हणजे हे माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहेत.

वारकरी परंपरेत पंढरपूरला संत कान्होपात्रेची खूण म्हणून तरटीचेच झाड दाखवतात. धनगरांच्या ओव्यांतले रान काटेरी आणि गवताचे आहे, हे त्या ऐकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आजवर केवळ भक्तीचा वा लोकवाङ्मयाचा विषय मानलेले हे साहित्य परिसंस्थाशास्त्राचे साधन ठरू शकते, ही या अभ्यासाची सर्वांत टिकाऊ देणगी म्हणावी लागेल. त्याहून जुना पुरावाही महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची कोरीव नक्षीची कवचे मिळाली असून ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची आहेत. शहामृग दाट जंगलात राहत नाही.

नेर्लेकर यांनी टेक्सास येथे पीएच.डी. करत असताना जोसेफ वेल्डमन यांच्यासह 2020 मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध केले. सहा खंडांतील 31 अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिले, की नांगरलेला वा उखडलेला जुना गवताळ प्रदेश पूर्ववत व्हायला किती काळ लागतो. उत्तर होते : किमान एक शतक, बहुधा हजारो वर्षे. पडीक दिसणाऱ्या माळावर जेसीबी फिरवताना हा काळ हिशेबात धरला जात नाही.

प्राण्यांच्या बाबतीतही असेच दुर्लक्ष आहे. माळढोक, तणमोर, काळवीट, चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचे घर हेच. सोलापूरजवळचे नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी झाले. बारामती तालुक्यातले मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे, पण ते जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे. बाकीचा बहुतांश माळ संरक्षणाबाहेर आहे.

हवामानबदलाने हा प्रश्न तातडीचा केला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की सर्वसाधारणपणे झाडाझुडपांना गवतापेक्षा जास्त फायदा होतो. त्यात आग व चराई थांबली तर माळ झुडपांनी भरून जातो. दुसरे संकट चांगल्या हेतूतून आले आहे. भारताने 2015 मध्ये 2030 पर्यंत वृक्षाच्छादनातून 2.5 ते 3 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड अतिरिक्त शोषण्याचे वचन दिले आणि 2019 मध्ये 2.6 कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पडीक म्हणून नोंदलेले माळ मग वृक्षारोपणासाठी सोयीचे ठरतात. तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली जाते आणि सावलीत गवत मरते. माळरान आपला कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवते. तो वणव्यातही बहुतांशी सुरक्षित राहतो. झाडांतला कार्बन मात्र वणव्यात धूर होऊन जातो. कोरड्या प्रदेशात हा फरक महत्त्वाचा आहे. सौर व पवन प्रकल्पही याच जमिनींवर डोळा ठेवून असतात, आणि मेंढपाळांची चराई वृक्षारोपण आणि हे प्रकल्प या दोन्हींमुळे आक्रसते.

या संशोधनाचा मोठा भाग अजून व्हायचा आहे. गवतांची ओळख पटवणारे वनस्पतितज्ज्ञ कमी आहेत, मातीतल्या कार्बनची स्थानिक मोजणी तुटपुंजी आहे, आणि कोकणापासून मराठवाड्यापर्यंतच्या स्थळकथा, ओव्या, बखरी या नजरेने फारशा कोणी वाचलेल्या नाहीत. वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व वा मराठी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला येथे भरपूर काम आहे. महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि वृक्षारोपणाचे कार्यक्रम घेणाऱ्या संस्थांनी माळावर खड्डा घेण्यापूर्वी तेथले गवत कोणते, हे एकदा जाणकाराला आणि तेथे मेंढरे चारणाऱ्याला विचारावे.