अदृश्य कोल्ह्याची शिकार

इ. स. १९४२ च्या ऑगस्टपासून मुंबईंत काँग्रेस रेडिओचें गुप्त केंद्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलत होतें. उषाबेन मेहता व त्यांचे सहकारी एका जागीं फार दिवस राहूं शकत नसत; कारण बिनतारी लहरींचा उगम हुडकणारीं यंत्रें घेऊन पोलिसांच्या मोटारी मागावर असत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें केंद्र पकडलें गेलें. मात्र त्याला यंत्रापेक्षां फितुरीच अधिक कारण झाली. ज्या विद्येनें माणसें पकडावयाचीं, तीच विद्या पुढें वीस वर्षांच्या आंत यूरोपांतील अरण्यांत तरुणांचा खेळ होऊन बसली.

या विद्येचें बीज साधें आहे. तारेचें वेटोळें हातांत धरून फिरविलें म्हणजे एका स्थितींत आवाज मोठा येतो व दुसऱ्या स्थितींत जवळजवळ नाहींसा होतो. दिशा ठरवावयाची ती मोठ्या आवाजावरून नव्हे. तो बऱ्याच अंशांपर्यंत सारखाच वाटतो. शांतता मात्र नेमकी एका रेषेवर सांपडते. पण रेषेला टोंकें दोन! केंद्र पुढें आहे कीं पाठीमागें, हें एकटें वेटोळें सांगत नाहीं. त्यासाठीं जोडीला एक उभी तार लागते.

स्वीडनमध्यें काय किंवा रशियांत काय, या खेळाला ‘कोल्ह्याची शिकार’ असेंच नांव पडलें. सोव्हिएट संघांत डोसाफ ही लष्करी शिक्षणाला साहाय्य करणारी संस्था त्याची पाठीराखी होती. तेव्हां त्यांत निव्वळ खेळच होता, असें मानण्याचें कारण नाहीं. तरीही १९६१ सालीं, ज्या वर्षीं बर्लिन शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली त्याच वर्षीं, यूरोपची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा स्टॉकहोम येथें भरली.

स्पर्धेची रीत मोठी मौजेची आहे. अरण्यांत पांच प्रेषक लपविलेले असतात. प्रत्येक जण एक मिनिट बोलतो आणि चार मिनिटें मौन धरतो. मोर्सच्या लिपींतील ‘एम् ओ’ ही खूण सर्वांची सारखीच; तिच्यापुढें पहिल्याचा एक टिंब, दुसऱ्याचे दोन, असें करीत पांचव्याचे पांच. ज्याला मोर्स येत नाहीं त्यानेंही बोटांवर मोजून कोल्हा ओळखावा. स्पर्धक पायींच धांवतो. हातांत ग्राहकयंत्र, नकाशा आणि होकायंत्र; कोणता प्रेषक आधीं गांठावयाचा, हें त्याचें त्यानेंच ठरवावयाचें. प्रेषक शंभर पावलांवर आला असें वाटावें आणि नेमका त्याच क्षणीं तो गप्प व्हावा, हा अनुभव नित्याचा. अशा वेळीं उतावळा मनुष्य झुडपें तुडवीत बसतो. मुरलेला खेळाडू शेवटची दिशा मनांत धरून चालत राहतो, किंवा चार मिनिटांत दुसऱ्याच कोल्ह्याचा माग घेतो. ऐंशी मीटर लांबीच्या लहरी त्या मानानें प्रामाणिक. दोन मीटरच्या लहरी मात्र खडकांवर व डोंगरउतारांवर आपटून परततात, आणि जेथें कांहींच नाहीं तेथें माणसाला धांवावयास लावतात. अधिक प्रेषक शोधणारा वरचढ. संख्या सारखी असेल तर ज्याला वेळ कमी लागला तो. ठरलेली मुदत टळून गेल्यावर परतणाऱ्याचे सगळेच श्रम फुकट जातात.

पहिली जागतिक स्पर्धा १९८० सालीं पोलंडच्या समुद्रकांठीं सेत्निएवो येथें झाली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तेथून जवळच असलेल्या ग्दान्स्क बंदरांत कामगारांनीं संप करून सरकारला वांकविलें होतें. पुढल्या वर्षीं, १३ डिसेंबर १९८१ रोजीं, पोलंडांत लष्करी कायदा पुकारला गेला. टेलिफोन बंद पडले, हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने तहकूब झाले आणि त्यांचीं प्रेषकयंत्रें जमा करण्याचा हुकूम सुटला. ज्या देशानें जगाला या शिकारीस बोलाविलें, त्याच देशांत प्रेषक घरीं ठेवणें हा गुन्हा झाला! मुंबईच्या १९४२ सालाची आठवण ज्यांना आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

दुसरी जागतिक स्पर्धा १९८४ सालीं भरली, ती नॉर्वेंत, ऑस्लो येथें.