बुडालेली बँक आणि न बुडणारे गहाणखत

सावकार वारला म्हणून कुळाचे कर्ज कधी वारले नाही. चोपडी मुलाच्या हाती जाई आणि पुढच्या सुगीला तगादा पूर्वीप्रमाणेच सुरू होई. खेड्यातल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नसे. परंतु सावकाराच्या जागी बँक आली आणि एके दिवशी तिच्याच दाराला कुलूप लागले, म्हणजे भलेभले गोंधळतात. ठेवीदाराचा आक्रोश सर्वांना ऐकू येतो. त्याच बँकेकडे घर गहाण ठेवलेला कर्जदार मात्र मनातल्या मनात विचारीत असतो : कर्ज सुटले, की घरच गेले ?

केरळातील पालै गावावर हा प्रसंग १९६० साली आला. तेथील सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या पुढाकाराने १९२७ साली निघालेली पालै सेंट्रल बँक राज्यातील मोठ्या बँकांत गणली जाई. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून ८ ऑगस्ट १९६० रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिचा कारभार समापकाच्या हाती दिला. त्याच वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. एका दिवसात ठेवीदारांचे पैसे अडकले. कर्जदारांची कर्जे मात्र जागच्या जागी राहिली.

असे का व्हावे ? बँकेने कर्जाऊ दिलेला पैसा मुळात तिचा नसतोच. एकाने मुलीच्या लग्नासाठी साठवलेले रुपये दुसऱ्याच्या घराच्या भिंतींत गेलेले असतात. बँक बुडाल्यावर ठेवीदारांना देण्याजोगे जे काही उरते, त्यात येणे कर्ज हेच प्रमुख. ते माफ करणे म्हणजे एका गरजूच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढणे होय. म्हणूनच बँकिंग कायद्याने समापकाला कर्जदारांची यादी न्यायालयापुढे ठेवण्यास सांगितले आहे. बँक मोडण्याचा अर्ज दाखल झाल्यापासूनचा काळ मुदतीच्या हिशेबात धरला जात नाही. तेव्हा ‘दिवस काढू, दावा मुदतीबाहेर जाईल’ ही आशा फोल ठरते.

तथापि कायदा एकाच बाजूचा नाही. गहाणखतातील अटी समापकालाही बांधतात. धनी बदलला म्हणून व्याज मनास येईल तसे वाढत नाही. मागताक्षणी फेडण्याच्या बोलीवर घेतलेले कर्ज मात्र एकदम मागितले जाऊ शकते, आणि लहान व्यापारी अडतो तो येथेच. ज्याचे कर्ज आणि ठेव दोन्ही त्याच बँकेत आहेत, त्याला परस्परांचे देणेघेणे वजा करून हिशेब मागता येतो. सर्वांत मोठा आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. पै न् पै फेडली की गहाण सोडवून घेण्याचा आणि कागदपत्रे परत मागण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. बँक मोडली म्हणून तो हक्क मोडत नाही.

पालैच्या धक्क्याने सरकार जागे झाले. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. प्रारंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती, ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये झाली. दुबळ्या बँका सबळ बँकांत विलीन करण्याचा अधिकारही १९६० च्या दुरुस्तीने बळकट झाला. अशा विलीनीकरणात कर्ज नव्या बँकेच्या वहीत जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आलेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक २५ जानेवारी २०२२ रोजी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा कर्जदारांचा धनी तेवढा बदलला.

सारांश, बँक बुडाल्याच्या वार्तेने कर्जदाराने हप्ता थांबवू नये आणि बाजारगप्पांवर विसंबून कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. समापक किंवा नवी बँक यांची लेखी सूचना पाहावी, तेथेच भरणा करावा आणि प्रत्येक पावती जपावी. शेवटचा हप्ता फिटला की मूळ दस्तऐवज मागून घ्यावेत, आणि गहाणखत नोंदलेले असेल तर ते सुटल्याची नोंदही करून घ्यावी. बँकेच्या दाराचे कुलूप कर्जदाराच्या हाती नसते. पावत्यांच्या पेटीची किल्ली मात्र त्याच्याच कनवटीला असते.