जुहूचे पस मॉथ: उलटे इंजिन आणि शिडी

हवाई टपालाचा इतिहास बहुधा वैमानिकाभोवती फिरतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीवरून मद्रासला नेले, एवढ्यावर तो थांबतो. ही सेवा टिकण्यात मात्र मेकॅनिकच्या हाताला विमान किती सहज लागत होते, याचाही वाटा मोठा होता.

या सेवेतले ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे पस मॉथ हे बंद केबिनीचे, एका इंजिनाचे हलके विमान होते. त्याचे सुमारे 120 अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन उलटे बसवलेले असे, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा वर आणि सिलिंडर खाली लोंबते. त्यामुळे पंख्याची पाती जमिनीपासून उंच राहत, वैमानिकाला समोरचे नीट दिसे आणि स्पार्क प्लग काढण्यासाठी मेकॅनिकला वर चढावे लागत नसे. ही सोय फुकटची नव्हती, कारण उभ्या विमानातले तेल ओघळून सिलिंडरांत साचू शकते आणि सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने फिरवून ते काढावे लागते. पेट्रोलच्या टाक्या मात्र केबिनीच्या वर असलेल्या विमानपंखांत होत्या. तेथून इंधन आपल्या भाराने खाली उतरे, पण ते भरायचे तर शिडी हवीच, आणि अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून येई हे लक्षात घेतले म्हणजे तेथील शिडीही साधीच असणार.

जुहूचे मैदान म्हणजे चिखलवट. पावसाळ्यात भरतीचे पाणी त्यावर येत असल्याने दोन विमाने, तीन वैमानिक व तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्यात येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर हलवावा लागे. अशा फिरत्या कारभारात पक्के मचाण उभारण्याला अर्थ नव्हता. पंख मागे दुमडता येत असल्याने विमानाला लहानशी शेडही पुरे.

पुढे नाशिक जिल्ह्यातल्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना 1964 साली स्थापन झाला, तेव्हा हिशेबच बदलला: मिग-21चे जेट इंजिन धडाच्या आत असल्याने ते बाहेर काढायचे तर विमानाचा मागचा भागच सोडवून चाकांच्या गाड्यावर मागे न्यावा लागतो.