बदली कारकून आणि अनोळखी शेरा

कचेरीत अर्जाच्या समासात साहेबांचा शेरा असतो. रजेवर गेलेल्या कारकुनाच्या जागी आलेल्या बदली माणसास तो उमगला नाही, तर त्याने काय करावे? अर्ज परत पाठवावा, की शेरा दिसलाच नाही असे समजून काम उरकावे? संगणकांच्या जाळ्यातही हाच पेच पडला होता.

१९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी या प्रणालीत 'गेटहोस्टबायनेम' हे फंक्शन आले. यंत्राचे नाव द्यावे, अंकी पत्ता घ्यावा, एवढेच त्याचे काम. पुढे पत्त्यांची टंचाई दिसू लागली, नव्या घडणीचे आयपीव्ही६ पत्ते ठरले, आणि १९९७ च्या 'आरएफसी २१३३' या पत्रकात 'गेटअ‍ॅड्रइन्फो' हे नवे फंक्शन नमूद झाले. त्याला नावाबरोबर शेरेही देता येत. त्यांनाच फ्लॅग म्हणतात. २००३ च्या 'आरएफसी ३४९३' ने त्यांत आणखी भर घातली. अवैध शेऱ्यास 'ईएआय_बॅडफ्लॅग्ज' हे नकाराचे उत्तरही नेमून दिलेले होते.

पण जुन्या यंत्रांवर हे फंक्शनच नव्हते. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपापली बदली फंक्शने सोबत बांधून दिली. ग्नूलिब या संग्रहातील बदली फंक्शन दोनच शेरे मानी. तिसरा दिसला की अर्ज परत! रीत प्रामाणिक खरी, पण तिने निरुपद्रवी शेऱ्यापायीही काम अडे. 'एआय_अ‍ॅड्रकॉन्फिग' म्हणजे 'या यंत्रावर ज्या जातीचे पत्ते आहेत, त्याच जातीचे द्या'. ज्या बदलीला आयपीव्ही४ वाचून दुसरे काही ठाऊकच नाही, तिने तो वगळला तर बिघडते काय? मग कित्येकांनी अशा शेऱ्याची किंमत शून्य ठरवली. शेरा लिहिला, पण कोरड्या टाकाने!

ही युक्ती सरसकट वापरण्यास मात्र आमचा विरोध आहे. 'एआय_न्यूमेरिकहोस्ट' हा शेरा मनाई करतो: 'पत्ता अंकीच असला पाहिजे, नावासाठी बाहेर कोणालाही विचारू नका.' तो गिळला, तर फक्त अंकी पत्ते चालणाऱ्या यादीत नाव शिरते, त्याची चौकशी जाळ्यावर जाते, आणि ते नाव कोणत्या यंत्राकडे न्यायचे हे परक्याच्या हाती राहते. आणि मालकास याचा पत्ताही नसतो! सवलत मागणारा शेरा विसरला तर चालेल. मनाईचा शेरा विसरणाऱ्या बदलीपेक्षा नकार देणारी बरी.

पोस्टग्रेस या माहितीकोशाच्या बदली फंक्शनाने हा शेरा पाळला होता. पत्ता अंकी नसेल तर ते सरळ नकार देई. २०२२ साली त्याची गरज उरली नाही, तेव्हा ते काढून टाकण्यात आले.