खडकावर आपटलेली बोट: सांगाडा आणि मशीन दुरुस्त करताना

मिरकरवाडा, राजिवडा, साखरी नाटे इथल्या कितीतरी घरांची रोजी बोटीवर चालते. कोकणच्या किनाऱ्यावर खडक भरपूर, आणि भरतीला ते पाण्याखाली लपतात. बोट आपटली की घरात पहिला प्रश्न खर्चाचा पडतो. म्हणून दिसतंय तेवढं भोक बुजवून बोट परत पाण्यात घातली जाते, आणि खरा धोका तिथेच आहे.

आपटल्या आपटल्या मशीन रिव्हर्सला टाकू नका. कधी कधी तोच खडक भोकाला बूच बनून बसलेला असतो. बोट मागे घेतली की पाणी धो-धो आत येतं. आधी माणसं मोजा, लाइफ जॅकेट चढवा, फळ्या उचलून आत बघा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, व्हीएचएफवर चॅनेल १६. भोक लहान असेल तर गोधडी कोंबून वरून फळी दाबून धरा. ऐन उधाणाच्या भरतीला अडकलेली बोट सर्वांत त्रासाची. पुढच्या भरत्या दिवसेंदिवस खाली राहतात, मग पुढच्या उधाणापर्यंत थांबायची पाळी येते.

बोट वर घेतल्यावर काहीही खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्तीला हात लावू नका. घाई केली तर दाव्यावरून वाद होतो.

फायबरची बोट असेल तर मार बसलेल्या जागेभोवती छोट्या हातोडीने ठोकत जा. कडक टक्-टक् आवाज आला तर ठीक. बोदा ठप्-ठप् आवाज आला तर आतले थर सुटलेत. भोक मुठीएवढं आणि सुटलेला भाग परातीएवढा, असंही होतं. तो सगळा भाग ग्राइंडरने काढावाच लागतो. कडा उतरती घासा, जाडीच्या साधारण १२ पट. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला ७२ मिलिमीटर. मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्या. ओल राहिली तर नवा थर नीट धरत नाही. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोट रिकामी असते खरी, पण पावसाच्या दमट हवेत उघड्यावर फायबर करू नका.

रेझिनमध्ये हार्डनर साधारण १ ते २ टक्के. इथे एक गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा: हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मगच हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लगेच १५ मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. चष्मा, हातमोजे स्वस्त आहेत.

लाकडी बोटीत फुटलेली फळी दिसते, पण आतली बरगडी चिरलीय का, खिळे ढिले झालेत का, कणा सरळ आहे का, हे मिस्त्रीकडून बघून घ्या. नवी फळी घालताना तिचा सांधा शेजारच्या फळीच्या सांध्यासमोर येऊ देऊ नका.

आता मशीन. आउटबोर्ड समुद्रात बुडालं असेल तर तासांचा हिशेब असतो. बाहेर काढून हवेत ठेवलं की गंज धरायला लागतो. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, तेल सोडा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. ते जमत नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलं बरं. पाणी आत असताना स्टार्ट मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

बुडालं नसलं तरी गिअर ऑइल बघा. दुधासारखं पांढरं दिसलं तर सील गेलंय. नुसता पंखा बदलून भागत नाही, त्यामागचा शाफ्ट वाकलाय का ते फिरवून तपासा.

आतलं डिझेल इंजिन असेल तर शाफ्ट, ग्लँड आणि इंजिनाच्या पायाचे बोल्ट तपासायचे. कपलिंगची शेवटची जुळणी बोट पाण्यात उतरवून दुसऱ्या दिवशी करा. जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो. काठावर जुळवलेला शाफ्ट पाण्यात थरथरतो आणि ग्लँड खातो. फट सगळीकडे सारखी, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत फरक.

पहिली फेरी बंदराजवळच मारा, जाळी न घेता. अर्ध्या तासाने फळ्या उचला, दुरुस्तीच्या जागी कोरडा हात फिरवा, ग्लँड गरम झालंय का बघा.