पोलिसांच्या गाडीला, यंत्राला पैसा येतो कुठून? जाणून घ्या

भंडारा : ठाण्यासमोर नवी गाडी उभी दिसली की ‘नगर परिषदेनं दिली का?’ असं कुणीतरी विचारतंच. उत्तर आहे, नाही. अमेरिकेत पोलीस खातं बहुधा शहराचं असतं, त्यामुळे केंद्राचं अनुदान घ्यायचं की नाही हे नगरसेवक ठरवतात. आपल्याकडे राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय. म्हणून पैसा गृह विभागामार्फत पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे येतो आणि तिथून ठाण्यांना साहित्य मिळतं.

केंद्राची पोलीस दल आधुनिकीकरण योजना १९६९-७० पासून आहे. महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. २०२१-२२ ते २०२५-२६ साठी केंद्राने एकूण २६,२७५ कोटींची योजना मंजूर केली, पण राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाला त्यात ४,८४६ कोटीच होते. तेही सगळ्या राज्यांत वाटून. शस्त्रं, वायरलेस, न्यायवैद्यक साहित्य अशी खरेदी यातून होते. आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि गाडं बरेचदा इथंच अडतं.

दुसरी वाट निर्भया निधीची. ११२ क्रमांकाची यंत्रणा आणि ठाण्यांतले महिला मदत कक्ष यांना त्यातून मदत झाली. तिसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. पालकमंत्री तिचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. वाहनं, सीसीटीव्ही यांचे प्रस्ताव इथं येतात. गावकऱ्यांचा आवाज पोहोचण्यासारखी जागा हीच.

तुमसर तालुक्यातलं सिहोरा, गोबरवाही किंवा टोकाचं लाखांदूर, इथं गाडी नादुरुस्त असली की फोन लागूनही मदत उशिरा पोहोचते. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. कॅमेरा, साठवणुकीची सोय, फिरती प्रयोगशाळा नसेल तर पुरावा न्यायालयात लंगडा पडतो.

पोलिसांच्या तब्येतीचा हिशेब मात्र वेगळा. उपचारांसाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे, अडीनडीला पोलीस कल्याण निधी. बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहणाऱ्या शिपायाला पाठ, साखर, रक्तदाब यांचा त्रास लवकर गाठतो. महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी द्यावी, असा आदेश महासंचालक कार्यालयाने जानेवारी २०२२ मध्ये काढला. पण मनुष्यबळ अपुरं असेल तिथं असे आदेश पाळणं जड जातं, आणि यंत्रखरेदीच्या अनुदानातून माणसं वाढत नाहीत.

आपल्या ठाण्याला कोणत्या वर्षी काय मिळालं, हे माहितीच्या अधिकारात अधीक्षक कार्यालयाला विचारता येतं. नियोजन समितीतून आलेल्या वाहनांची माहिती जिल्हा नियोजन कार्यालयाकडे मागावी. अर्जाचं शुल्क १० रुपये.