विषादावरील औषधे : एका इशाऱ्याचा इतिहास

अमेरिकेत २००४ सालच्या ऑक्टोबरात एक सरकारी हुकूम निघाला. विषादावरील, म्हणजे मनाच्या खोल व चिवट खिन्नतेवरील, सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापावा, की मुले व किशोर यांच्यात या औषधांनी आत्महत्येचे विचार वाढू शकतात. या चार ओळी कागदावर उतरण्यास इतकी वर्षे का लागली, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु मालकाचा ताळेबंद वाचण्यात आमचे आयुष्य गेले, आणि हा इतिहास पुष्कळसा ताळेबंदाचाच आहे.

या औषधांचा शोध लागला तोच मुळी आडवाटेने. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देऊ लागले, तेव्हा खाटेला खिळलेली माणसे हसूबोलू लागली. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी ते विषादावर गुणकारी असल्याचे मांडले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडचे रोलान्ड कून यांनी इमिप्रामिनचे अनुभव प्रसिद्ध केले. हा लाभ लहान नव्हता. मात्र जाणत्या डॉक्टरांनी एक खूणगाठ बांधली होती. औषधाने हातापायांतील जडपणा आधी जातो, मनातील काळोख मागाहून. म्हणून सुधारणेचे पहिले आठवडेच अधिक जपण्याचे.

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला परवानगी मिळाली. ‘प्रोझॅक’ या नावाने ते घरोघर पोचले. १९९० साली मार्टिन टायकर व त्यांचे सहकारी यांनी सहा रोग्यांची हकीकत छापली. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच आत्महत्येच्या तीव्र विचारांनी त्यांना घेरले होते. १९९१ साली सरकारी समितीपुढे आप्तस्वकीयांनी साक्षी दिल्या. समितीने विश्वसनीय पुरावा नाही असा निर्वाळा दिला. दोष रोगाचा, औषधाचा नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते.

हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, हे कबूल केले पाहिजे. विषाद हा रोगच माणसाला त्या कड्यापर्यंत नेतो. एकट्यादुकट्याच्या कहाणीवरून रोग कोठे संपला आणि औषध कोठे सुरू झाले, हे ठरविता येत नाही. त्यासाठी काही रोग्यांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी द्यावी आणि दोहोंकडची मोजदाद करावी, हाच मार्ग. अशी मोजदाद झालीही होती. प्रश्न एवढाच, की ती कोणी केली आणि कागद कोणाच्या कपाटात राहिले?

‘अभ्यास ३२९’ हे त्याचे बोलके उदाहरण. स्मिथक्लाइन बीचम कंपनीने पॅरोक्सेटिन हे औषध २७५ किशोरांवर केलेल्या चाचणीत तपासले. आधी ठरविलेल्या मुख्य कसोट्यांवर ते उतरले नाही. १९९८ च्या कंपनीच्या अंतर्गत टिपणात, हे निष्कर्ष व्यापाराला झळ पोचणार नाही अशा बेताने बाहेर द्यावेत, असा सल्ला होता. २००१ साली निबंध छापला गेला, तो औषध गुणकारी व सोसण्याजोगे असल्याचे सांगत! आत्महत्येच्या विचारांची व प्रयत्नांची प्रकरणे ‘भावनिक अस्थिरता’ या सदराखाली घातली होती. तोट्याची रक्कम ‘किरकोळ खर्च’ म्हणून दाखविणारे ताळेबंद आम्ही पाहिले आहेत. पण येथे त्या रकान्यात मुलांचे जीव होते.

२००३ च्या जूनमध्ये ब्रिटनने अठरा वर्षांखालील मुलांना पॅरोक्सेटिन देऊ नये असे बजावले. अमेरिकेत २४ चाचण्यांचे, ४,४०० हून अधिक मुलांचे कागद एकत्र तपासले गेले. खरी गोळी घेणाऱ्यांत शेकडा ४, दुसऱ्यांत शेकडा २, असे आत्महत्येचे विचार वा वर्तन आढळले. मृत्यू एकही नव्हता. २००७ साली इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. त्याच कागदावर हेही नमूद झाले, की २४ च्या पुढे ही वाढ दिसत नाही, ६५ नंतर उलट धोका घटतो. २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने अनेक औषधांच्या प्रकरणांत मिळून तीन अब्ज डॉलर भरले. मुलांसाठी पॅरोक्सेटिनचा बेकायदा प्रचार केल्याचा गुन्हाही कबूल केला. २०१५ साली मूळ कागदांची फेरतपासणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. औषध गुणकारी नव्हते. अपाय मात्र वाढले होते.

यावरून गोळ्या फेकून द्या असे कोणी समजेल तर तो अनर्थ होईल. इशाऱ्यानंतर मुलांना औषध देणेच कमी झाले, आणि त्यात काही गरजू मुले उपचारावाचून राहिली काय, हा वाद आजही आहे. चालू औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. यंत्राला जाळी बसवा असे कामगार म्हणतो, तेव्हा तो गिरणी बंद करा असे म्हणत नसतो. येथील जाळी म्हणजे पहिल्या आठवड्यांतली घरच्यांची नजर. रोगी बेचैन झाला, झोप उडाली, जिवाच्या गोष्टी बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आपल्या देशात २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा दूरध्वनीही आहे.

१९९१ साली साक्ष देणाऱ्या आप्तांकडे दुःख होते, आकडे नव्हते. आकडे ज्यांच्याकडे होते त्यांनी ते मिटून ठेवले. २००५ पासून जगातील प्रमुख वैद्यकीय नियतकालिके, आधी जाहीर नोंद न केलेल्या नव्या चाचणीचा निबंध स्वीकारत नाहीत. वही उघडी ठेवण्याची ही सुरुवात आहे. ती उघडी राहते की नाही, हे मात्र तुम्हां-आम्हांस पाहावे लागेल.